घराच्या साफसफाईसाठी काय घ्यावं, काय घेऊ नये आणि घेतलेलं नीट कसं वापरावं

साफसफाईचं सामान घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण सुरुवात वस्तूपासून करतात, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर कुठला चांगला, मॉप कुठला टिकतो, लिक्विड कुठलं स्ट्राँग आहे वगैरे, आणि मग ती वस्तू घरात आली की तिच्यासाठी काम शोधत बसतात. हे उलट करा, असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. आधी दोनच गोष्टी बघा, मळ कसला आहे आणि तो कशावर बसलाय. ही दोन उत्तरं मिळाली की काय घ्यायचं ते जवळजवळ ठरूनच जातं आणि अर्धं सामान तर घ्यायलाच लागत नाही.

आता मळ म्हणजे सगळा एकसारखा नसतो. सुटी धूळ, केस, बारीक कचरा हे कोरडंच उचलायचं, त्याला पाणी लागलं की राडा होतो आणि तो कोपऱ्यात आणि टाइल्सच्या सांध्यात जाऊन बसतो. शेगडीभोवतीचा आणि एक्झॉस्ट फॅनवरचा चिकट थर तेलाचा असतो, तो साबणाने किंवा अल्कलाइन डिग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या क्लीनरने, निघतो आणि गरम पाणी असेल तर अजून लवकर निघतो. नळावरचे आणि काचेवरचे पांढरट डाग हे पाण्यातल्या क्षारांचे, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यांना साबण कितीही चोळा ढिम्म फरक पडत नाही, तिथे अॅसिडच पाहिजे. रक्त, दूध, उलटी, लघवी असले डाग आधी थंड पाण्याने धुवायचे कारण गरम पाण्याने त्यातली प्रथिनं घट्ट होऊन डाग पक्का बसतो, आणि मग वास राहिला तर एन्झाइमवालं क्लीनर. बुरशीला ब्लीच लागतं, पण भिंतीत ओल तशीच राहिली तर ती परत येणारच, मग कितीही ब्लीच मारा.

दुसरी बाजू म्हणजे पृष्ठभाग. इथेच जास्त नुकसान होतं आणि ते भरून येत नाही. संगमरवर हा स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे जे अॅसिड नळावरचा थर खातं तेच संगमरवराची चकाकीही खातं, थोडंसं व्हिनेगर सांडून राहिलं तरी तिथे मंद ठिपका उठतो आणि तो पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. स्टेनलेस स्टीलवर ब्लीच राहिलं तर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडून गंज सुरू होतो. अॅक्रिलिकवर अमोनियावालं ग्लास क्लीनर मारलं की ते धुरकट होतं, टीव्ही आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवरचं कोटिंगही अशानेच जातं, तिथे जेमतेम ओलसर मऊ फडकं बास. नॉनस्टिकवर तारेची घासणी नको हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो पांढरा मॅजिक स्पंज मिळतो ना, मेलामाइन फोमचा, तोसुद्धा खरं म्हणजे अतिशय बारीक सँडपेपरच आहे हे फार जणांच्या लक्षात येत नाही, चकचकीत फर्निचर, गाडीचा रंग, चष्म्याची काच यावर तो अजिबात लावू नका. नवीन काहीही आणलं की आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडंसं लावून, वाळू देऊन बघायचं, यात दहा मिनिटं जातात फक्त.

१९५९ साली हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन केमिस्टने एक साधी गोष्ट मांडली, धुणं-पुसणं व्यवसाय म्हणून करणारे लोक अजून ती शिकवतात. स्वच्छता चार गोष्टींवर चालते, रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. आपण घरी काय करतो, लिक्विड मारतो आणि लगेच दात-ओठ खाऊन घासायला लागतो, म्हणजे वेळ शून्य आणि सगळा भार हातावर. त्याऐवजी फवारा, दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा आणि मग या, निम्म्या जोरात काम होतं. चारातला वेळच तेवढा फुकट आहे आणि तोच आपण वापरत नाही. महागडं लिक्विड घेण्याआधी असलेल्या लिक्विडला वेळ देऊन बघा, बऱ्याचदा नवीन बाटलीची गरजच पडत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात, १२००, १६००, २०००. हे वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते ते, ओढते किती ते नाही. युरोपियन युनियनने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूमवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वर आणली, तरी तिथले व्हॅक्यूम व्यवस्थित सफाई करतात, कारण हवेचा मार्ग आणि तोंडाला लागणारं नोझल यांचं डिझाइन चांगलं असेल तर कमी विजेतही काम होतं. म्हणून वॅट बघून जास्त पैसे देऊ नका.

मग बघायचं काय, तर एक असतं सक्शन, ते पास्कल किंवा किलोपास्कलमध्ये लिहितात, पण हा आकडा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे त्या वेळी हवा वाहतच नसते. कचरा उचलून नेतो तो हवेचा झोत. सक्शन आणि झोत दोन्ही मिळून जो आकडा येतो त्याला एअरवॅट म्हणतात आणि तो दिलेला असेल तर तुलना करायला तोच त्यातल्या त्यात बरा. टाइल्स किंवा लाकडी फरशी असेल तर झोत चांगला पाहिजे, जाड गालिचा असेल तर फिरणारा मोटरवाला ब्रश पाहिजे, नुसत्या सक्शनने गालिच्यात रुतलेले केस निघत नाहीत.

बॅगवाला की बिनबॅगचा? घरात कुणाला धुळीची अॅलर्जी किंवा दमा असेल तर मी सरळ बॅगवाला घ्या म्हणेन. बिनबॅगच्या डब्यात कचरा दिसतो, बॅगचा खर्च नाही, सगळं खरं, पण तो डबा रिकामा करताना जो धुरळा उठतो तो नाका-तोंडात जातो आणि जी धूळ पकडायला मशीन घेतलं तीच परत घरात. बॅग मात्र तोंड बंद करून तशीच टाकता येते. फक्त त्या मॉडेलच्या बॅगा सहज मिळतात का हे घेण्याआधी बघून ठेवा.

हेपा फिल्टरबद्दल थोडं. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर, युरोपियन मोजमापात एच१३ ग्रेड ९९.९५ टक्क्यांचा असतो. ०.३ मायक्रॉनच का, तर साधारण त्या मापाचे कण पकडायला सगळ्यात अवघड असतात, त्याहून मोठे तंतूंना आदळून अडकतात आणि त्याहून लहान इतके वेडेवाकडे हलतात की कुठेतरी चिकटतातच. पण ‘हेपा टाइप’, ‘हेपा लाइक’ असं काही लिहिलं असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि फिल्टर कितीही भारी असला तरी मशीनच्या सांध्यातून हवा बाहेर येत असेल तर उपयोग शून्य, म्हणून पूर्ण सीलबंद सिस्टीम आहे का ते विचारायचं. दुकानात चालू करून झाकणाच्या कडेने हात फिरवून बघितला तर हवा लागते की नाही ते लगेच कळतं.

कॉर्डलेस घेताना जाहिरातीत लिहिलेली ४० किंवा ६० मिनिटं ही सगळ्यात कमी पॉवरची असतात, बहुधा मोटरवाला ब्रश न लावता. फुल पॉवरवर तेच मशीन दहा मिनिटांच्या आसपास बसतं. छोटं घर, रोजचं झटपट काम यासाठी कॉर्डलेससारखं सुख नाही कारण ते हाताशी असतं म्हणून वापरलं जातं, पण मोठ्या घराची आठवड्याची सगळी सफाई एका चार्जमध्ये होईल या भरवशावर घेऊ नका. बॅटरी काढता येते का आणि नवीन मिळते का हे नक्की बघा, नाहीतर काही वर्षांनी बाकी मशीन ठणठणीत आणि बॅटरीपायी सगळंच भंगारात.

रोबोट व्हॅक्यूम हा रोजची धूळ वाढू न देण्यासाठी आहे, कोपऱ्यातली साठलेली घाण काढायला नाही. लेझरने नकाशा बनवणारा असेल तर तो ओळीने फिरतो, स्वस्तातला नुसता धडकत धडकत फिरतो आणि एखादी जागा चार वेळा पुसून दुसरी सोडून देतो. साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरठा बऱ्याच रोबोटना चढता येत नाही, तो आधी मोजून घ्या. काळ्या गालिच्यावर काही रोबोट अडतात कारण खालच्या सेन्सरला ती पायरीची कड वाटते. आणि जमिनीवर वायरी, मोजे, पडद्याच्या झालरी असल्या की तो त्यात गुंतून बसणार, म्हणजे रोबोट लावायच्या आधी आवराआवर आपल्यालाच करायची आहे हे धरून चला.

आता वापरायचं कसं. चाल हळू ठेवा, भराभर मागे-पुढे केलं तर ब्रश आणि हवेला काम करायला वेळच मिळत नाही, गालिच्यावर तर एकदा उभं आणि एकदा आडवं फिरवायचं. सक्शन कमी झालं असं वाटलं की नव्वद टक्के लोक मोटर गेली समजतात, पण बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला असतो किंवा पाइपमध्ये काहीतरी अडकलेलं असतं. प्लग काढा, पाइप सोडवा, एका टोकाने उजेडाकडे बघा, आरपार दिसलं तर पाइप मोकळा. मग ब्रश रोलर उलटा करा, त्यावर केस गुंडाळून घट्ट वळ बसलेले असतात, ते ओढत बसू नका, रोलरच्या लांबीने कात्रीचं एक टोक केसांखाली सरकवून सरळ रेघेत कापत जा, मग सगळा गुंता सालीसारखा एकदम सुटून येतो. दोन्ही टोकांना बेअरिंगपाशी केस शिरलेले असतात ते चिमट्याने काढा, तिथेच घर्षण होऊन रोलर जॅम होतो.

फिल्टर धुता येणारा असेल तर नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको, आणि पूर्ण २४ तास सावलीत वाळू द्या. वरून कोरडा वाटतो आणि आत ओल असते, तसाच लावला की धूळ त्यावर लिंपल्यासारखी बसते, कुबट वास सुटतो आणि मोटरमध्ये ओल जाते. म्हणून जमलं तर सुटा एक फिल्टर जादा घेऊन ठेवावा. सगळेच फिल्टर धुण्याजोगे नसतात, कागदी हेपा पाण्यात घातला की संपला, मॅन्युअल वाचा.

साध्या व्हॅक्यूमने पाणी ओढायचं नाही, त्याला वेट अँड ड्राय लागतो आणि त्यातही पाणी ओढताना कोरडा फिल्टर काढून फोमचा लावायचा असतो. घराचं काम निघाल्यावर उडणारी सिमेंटची, प्लास्टरची धूळही साध्या मशीनने ओढू नका, ती इतकी बारीक असते की फिल्टर काही मिनिटांत चोंदतो आणि मोटर तापते. राख तर नाहीच, वरून विझलेली दिसली तरी आत निखारा असू शकतो आणि मशीनमध्ये त्याला भरपूर हवा मिळते.

मॉप, फडकी आणि बादली

झाडू किंवा व्हॅक्यूम आधी, ओलं नंतर, आणि वरून खाली. पंखा, कपाटाचा वरचा भाग, जळमटं, मग टेबलं, मग फरशी. एवढा क्रम पाळला तरी दुसऱ्यांदा पुसायचं वाचतं.

मायक्रोफायबरचं फडकं ही माझ्या मते घरातली सगळ्यात उपयोगाची वस्तू आहे, आणि तिचा छळही सगळ्यात जास्त होतो. यातला धागा एक डेनियरपेक्षाही बारीक असतो, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅमपेक्षा कमी. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, बहुतेक ८०-२० प्रमाणात, एकत्र ओढून मग तो धागा उभा चिरलेला असतो, त्या चिरांमध्ये धूळ आणि ओशटपणा अडकतो, म्हणूनच नुसत्या पाण्यानेही काम होतं. बाजारात न चिरलेलं स्वस्त फडकंही मायक्रोफायबर म्हणूनच विकतात. ओळखायचं कसं, तर टेबलावर थोडं पाणी सांडा आणि फडक्याने सरकवा, चांगलं फडकं पाणी पिऊन घेतं, वाईट फडकं पाणी नुसतं पुढे ढकलतं. हाताच्या कोरड्या कातडीवर फिरवलं की किंचित अडकल्यासारखं वाटतं, तेही चांगलं लक्षण. काचेसाठी २०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं पातळ, सपाट विणीचं घ्या, धूळ आणि ओट्यासाठी ३०० ते ४०० चं.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर बिलकुल नको, तो धाग्यावर थर देतो आणि त्या चिरा बुजतात, मग फडकं पाणी पीतच नाही आणि लोक म्हणतात खराब निघालं. सुती टॉवेलबरोबर धुवू नका, त्याचा सगळा लिंट, म्हणजे सुटे बारीक तंतू, हे फडकं पकडून ठेवतं. ६० अंशापर्यंत पाणी चालतं, इस्त्री नको, ड्रायरमध्ये जास्त तापमान नको.

वापरताना चौघडी घाला, म्हणजे दोनदा दुमडा, आठ स्वच्छ बाजू मिळतात, एक मळली की पुढची काढायची. लोक अख्खं फडकं चुरगळून मुठीत धरतात आणि तीच मळकी बाजू घरभर फिरवतात. आणि रंग ठरवून टाका, संडास-बाथरूमचा एक रंग, ओट्याचा दुसरा, बाकी घराचा तिसरा, घरातल्या सगळ्यांना एकदाच सांगितलं की पुन्हा विचारायला लागत नाही.

फरशी पुसायला स्पिन मॉप असो की फ्लॅट मॉप, खरा प्रश्न बादलीतल्या पाण्याचा असतो. पहिली खोली पुसली की पाणी गढूळ होतं आणि त्यापुढे आपण ते गढूळ पाणीच सारखं पसरवतो, वाळल्यावर फरशीवर जे ढग दिसतात ते हेच. दोन बादल्या ठेवा, एकीत लिक्विडचं पाणी, दुसरीत मॉप खळबळून पिळायचं साधं पाणी. बादलीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदला. फ्लॅट मॉपचे चार-पाच सुटे पॅड असतील तर अजून बरं, खोलीगणिक एक पॅड, मळका पॅड परत बादलीत बुडवायचाच नाही.

लिक्विड जास्त घातलं की जास्त स्वच्छ होतं हा समज मोडायला फार वेळ लागतो. जादा लिक्विड फरशीवरच राहतं, त्याचा चिकटसर थर होतो, पाय चिकटतात आणि धूळ जास्त लवकर धरते, मग आपण अजून लिक्विड घालतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच झाकणाने मोजून घाला. आधीच थर बसला असेल तर दोन-तीन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसा. लाकडी आणि लॅमिनेटच्या फरशीला मॉप इतका पिळलेला हवा की ओल मिनिटाभरात उडून जाईल, सांध्यात पाणी शिरलं की पट्ट्या फुगतात. स्टीम मॉपही तिथे नको, पॅकवर काहीही लिहिलेलं असो. सीलबंद टाइल्सवर स्टीम छान चालते, पण वाफ तोंडापासून लांब गेली की झपाट्याने गार होते, त्यामुळे भराभर फिरवून जंतू मरत नाहीत, सावकाश फिरवायला लागतं.

रसायनं, आणि इथे मात्र नीट लक्ष द्या

घरात पाच-सहा गोष्टी पुरतात. भांड्यांचा लिक्विड साबण, सौम्य फ्लोअर क्लीनर, तेलकटासाठी डिग्रीझर, क्षारांसाठी सायट्रिक अॅसिड, कमोडचं क्लीनर, आणि जंतुनाशक म्हणून साधं ब्लीच. वेगवेगळ्या नावांच्या बाकी पंधरा बाटल्या म्हणजे यांचीच रंग-वास बदललेली रूपं असतात.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कशातही मिसळायचं नाही, पाण्याशिवाय. कमोड क्लीनरमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. हा तोच वायू जो पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता. व्हिनेगर आणि सायट्रिक अॅसिडबरोबरही हेच होतं. अमोनियावाल्या ग्लास क्लीनरबरोबर ब्लीच मिसळलं की क्लोरामाइनचे वायू होतात, स्पिरिट किंवा सॅनिटायझरबरोबर क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं. एकाच बादलीत घातलं नाही म्हणून सुटलो असंही नाही, कमोडमध्ये रात्री अॅसिडवालं टाकलं आणि सकाळी पाणी न सोडता त्यावर ब्लीच ओतलं तरी तेच. चुकून झालंच आणि डोळे-घसा झोंबायला लागला तर आवरत बसू नका, पाणी ओतत बसू नका, आधी बाहेर पडा, मोकळ्या हवेत या, दुसऱ्यांनाही बाहेर काढा, श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टर.

जंतुनाशक म्हणून ब्लीच वापरायचं तर ५ टक्क्यांचं २० मिलिलिटर एक लिटर थंड पाण्यात, म्हणजे ०.१ टक्का होतं, घरातल्या पृष्ठभागांना तेवढं पुरतं. गरम पाणी नको, त्याने ते विघटित होतं. आणि आधी साबणाने मळ काढा, कारण मळ राहिला तर ब्लीच मळाशीच भिडून संपतं. मग लावून, लेबलवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यायचा, नंतर साध्या पाण्याने पुसायचं. फवारून लगेच पुसलं तर जंतुनाशक वापरलंच नाही असं समजा. पातळ केलेलं ब्लीच रोजचं रोज करायचं, दुसऱ्या दिवशी त्याचा भरवसा नाही, आणि मूळ बाटलीही उन्हात, उष्णतेत ठेवली की महिन्यामहिन्याने उतरत जाते. रोज सगळं घर निर्जंतुक करायची गरजही नसते, कुणी आजारी असेल तेव्हा नळ, दाराच्या कड्या, स्विच, कमोडचं बटण एवढं पुरे. स्विचवर फवारू नका हं, फडक्यावर घेऊन पुसा.

व्हिनेगर आणि बेकिंग सोडा एकत्र करून फसफसणारं मिश्रण फार लोकप्रिय आहे, पण ते दोघं एकमेकांना मारतात, अॅसिड आणि अल्कली मिळून सोडियम अॅसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे हातात राहतं मिठाचं पाणी. फेसाने थोडाफार सुटा कचरा हलतो इतकंच. वेगवेगळे वापरा, दोन्ही उपयोगाचे आहेत, सोडा हलकं घासायला आणि व्हिनेगर क्षारांना.

क्षारांचं काम कसं करायचं ते सांगते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अॅसिड विरघळवा. नळाच्या तोंडाशी, जिथे पाणी ठिबकून पांढरा खडबडीत कडा तयार होतो, तिथे त्या पाण्यात भिजवलेलं फडकं किंवा टिश्यू गुंडाळा, म्हणजे ओलावा तिथेच टिकतो, ओघळून जात नाही. वीसेक मिनिटांनी काढा, जुन्या टूथब्रशने घासा, कडा मऊ पडून पीठ निघाल्यासारखा निघतो. मग भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. क्रोमवर याहून जास्त वेळ ठेवू नका, सोनेरी किंवा पितळी फिनिशवर तर नकोच, आणि खाली संगमरवर असेल तर आधी प्लास्टिक अंथरा. शॉवरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून तसंच बांधून ठेवता येतं. आतून थर धरलेल्या किटलीलाही हेच पाणी, अर्धा तास ठेवायचं आणि नंतर दोनदा साधं पाणी उकळून फेकायचं.

कमोडमध्ये क्लीनर घालण्याआधी ब्रशने आतलं पाणी जोरात ढकलून पातळी खाली न्या, नाहीतर क्लीनर सरळ पाण्यात जाऊन पातळ होतं आणि पाण्याच्या रेषेवरचा पिवळा कडा तसाच राहतो. कडेच्या आतून गोल फिरवून घाला, वेळ द्या, मग घासा. ब्रश बसायची सीट आणि कमोड यांच्यामध्ये दाबून निथळू द्या, ओला ब्रश डब्यात ठेवला की त्या डब्यात काय साठतं ते तुम्ही बघितलंच असेल.

तुंबलेल्या पाइपात कॉस्टिक सोडा घालायचा असेल तर सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतो. आणि एक ड्रेन क्लीनर चाललं नाही म्हणून दुसरं लगेच ओतायचं नाही, एक अॅसिड आणि एक अल्कली निघालं तर पाइपातच उसळी येते. खरं सांगायचं तर केसांच्या तुंबाऱ्याला प्लास्टिकची दातेरी पट्टी मिळते तीच सगळ्यात उत्तम, रसायन लागतच नाही.

हातमोजे घाला, आणि हात वर करून काम असेल तेव्हा मोज्याची कड बाहेरून दुमडा म्हणजे ओघळ कोपरापर्यंत येत नाही.

छोटं सामान जे मोठ्या मशीनचं काम वाचवतं

बाथरूमच्या काचेला आणि टाइल्सला रबरी पातीचा छोटा हातवायपर. आंघोळ झाली की वरून खाली चार हात मारायचे, पाणी वाळलंच नाही तर क्षार बसणार कुठून. यानंतर क्षारांच्या लिक्विडचा खप एकदम घटतो. पातीची कड बोथट झाली की ओरखडे-रेघा सोडते, तेव्हा पाती उलटी करून बघा, बऱ्याच वायपरला ती फिरवता येते.

प्रेशर वॉशर फक्त अंगण किंवा गाडी असेल तरच, घरगुती कामाला १०० ते १३० बार दाब पुरतो. रुंद फवाऱ्याने आणि लांबून सुरू करायचं. अंगावर, पायावर चुकूनही नाही, तो झोत कातडी फोडतो.

वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर ही स्वच्छ करणारी मशीनं आहेत म्हणून ती स्वतः स्वच्छच राहतात असं नाही. वॉशिंग मशीनला वास येत असेल तर बहुतेक कारण जादा डिटर्जंट आणि कायम थंड पाण्याचे वॉश, त्याचा बुळबुळीत थर ड्रमच्या मागे बसतो. अधूनमधून रिकामं मशीन ६० अंश किंवा त्याहून जास्तवर चालवा, दाराची रबरी घडी उलटून पुसा, आणि धुणं झालं की दार आणि साबणाचा खण उघडा ठेवा. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर, उघडण्याआधी खाली पसरट ताटली आणि टॉवेल ठेवा कारण पाणी येणारच. नाणी, बटणं, केसांच्या पिना तिथेच सापडतात. डिशवॉशरचा तळाचा फिल्टर आठवड्यातून एकदा नळाखाली धरा, आणि त्यात मीठ त्याच कामासाठी मिळणारं जाडं घाला, जेवणातल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ मशीनमधल्या, पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला मानवत नाहीत.

ठेवायचं कसं हेही सांगून टाकते. मॉपचं आणि व्हॅक्यूमचं तोंड जमिनीवर टेकवून उभं करू नका, ब्रशचे केस वाकतात, टांगा. लिथियम बॅटरी फार दिवस वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून गार जागी ठेवा, आणि मशीन नुकतंच चालून तापलं असेल तर गार झाल्यावरच चार्जिंगला लावा. रसायनं मूळ बाटलीतच ठेवायची, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच काढून ठेवायची नाहीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात, अॅसिडवालं एका कप्प्यात आणि ब्लीच दुसऱ्यात. स्प्रे बाटलीत स्वतः काही पातळ करून भरलं असेल तर त्यावर पट्टी चिकटवून काय आहे, किती प्रमाण आहे आणि कुठल्या तारखेला केलं ते लिहा, आणि बाटली रिकामी झाली की दुसरं काही भरण्याआधी ती धुऊन पूर्ण वाळवा.